जुनं गेम मशीन नाहीतर ज्यूकबॉक्स घरी आणताय? मग स्विच सगळ्यात शेवटी दाबा

महिन्याला एखादा तरी फोन येतोच. “दादा, मशीन आणलं, प्लग लावला, सेकंदभर चित्र आलं आणि फट्ट झालं, आता काय करू?” मी विचारतो प्लग कधी लावला, तर उत्तर ठरलेलं, “टेम्पोतून उतरवलं की लगेच.” पोरं जमलेली असतात, शेजारचे बघायला आलेले असतात, कुणाला दम निघत नाही. मलाही निघाला नव्हता. जालन्यात एक व्हिडिओ गेम पार्लर बंद पडलं तिथून मी पहिलं मशीन आणलं, रात्री नऊला उतरवलं आणि सव्वानऊला चालू केलं. आतल्या पॉवर सप्लायवर व्होल्टेज कमीजास्त करायचं एक बारकं पॉट असतं, ते प्रवासात धक्क्यांनी हललं होतं, 5 व्होल्टच्या जागी सव्वासहा यायले होते. हे मला दुसऱ्या दिवशी मल्टीमीटर लावल्यावर कळलं, तोवर बोर्ड, म्हणजे गेमच्या चिपा असलेलं सर्किट, गेलेला. विकणाऱ्यानं माझ्यासमोर चालवून दाखवलेला बोर्ड, त्याला काय बोलणार.

म्हणून खाली लिहिलंय ते त्याच क्रमानं करा. एखादी पायरी बोअर वाटली तरी सोडू नका, बहुतेक वेळा तीच महागात पडते.

## 1. मशीनच्या आधी घराचं बघा

लोक मशीन ठरवतात, पैसे देतात आणि मग दार मोजतात. उलटं करा. दाराची रुंदी, जिन्याचं वळण, आणि जिथं ठेवायचं ती भिंत, हे तिन्ही टेपनं मोजून कागदावर लिहून खिशात ठेवा. उभं कॅबिनेट शंभर-सव्वाशे किलोचं असतं, मोठा ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणारं मशीन, दीडशेच्या आसपास. दुसऱ्या मजल्यावर चढवायचं असेल तर चार माणसं आणि दोरी लागते, हे आधीच माहीत असलेलं बरं.

जागा निवडताना भिंतीपासून निदान सहा इंच मोकळं सोडा, मागून गरम हवा निघाली पाहिजे. पावसाळ्यात ओल येते ती भिंत नको, खिडकीतून थेट ऊन पडतं ती जागा नको. आणि आपल्याकडं हमखास होणारी चूक म्हणजे कूलरच्या समोर ठेवणं. मे महिन्यात 43 डिग्रीला माणसाला कूलर लागतो हे मान्य, पण ती ओली हवा थेट मशीनच्या मागच्या जाळीत शिरली की दोन उन्हाळ्यांत कनेक्टर हिरवे पडतात.

आता करंट. मराठवाड्यात दोन भानगडी आहेत. एक म्हणजे रब्बीत शेतीपंप चालू झाले की गावाकडं व्होल्टेज पार 170 पर्यंत खाली जातं, आणि लाईट गेल्यावर परत येते तेव्हा झटका देऊन येते. त्यावर उपाय म्हणजे टाइम डिलेवाला स्टॅबिलायझर, म्हणजे लाईट आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मग सप्लाय देणारा. दुसरी भानगड अर्थिंगची. उन्हाळ्यात जमीन इतकी कोरडी पडते की खड्ड्यातली अर्थिंग नावालाच उरते. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर मार्चपासून आठवड्याला त्यात एक-दोन बादल्या पाणी ओता, जुने वायरमन हेच सांगतात आणि बरोबरच सांगतात.

चेक: मीटर एसी व्होल्टवर लावा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखं यायला पाहिजे. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. पाचच्या वर दाखवत असेल तर आधी वायरमनला बोलवा, मशीन नंतर.

## 2. काय घ्यायचं ते ठरवा, बघायला गेल्यावर नका ठरवू

इकडं जी गेम मशीनं निघतात त्यातली बहुतेक लोकल सुताराकडून प्लायमध्ये बनवलेली, आत टीव्हीची 20-21 इंची ट्यूब आणि टीव्हीचीच चासी, म्हणजे ट्यूब चालवणारं सर्किट. जत्रेत, बसस्टँडमागच्या पार्लरमध्ये हीच असायची. दुसरा प्रकार म्हणजे बाहेरून आलेली ओरिजिनल कॅबिनेटं, ही मुंबई-हैदराबादकडं जास्त. माझं मत विचाराल तर पहिलं मशीन लोकलच घ्या. दिसायला गबाळं असतं, सनमायका उडालेला असतो, पण आत जे आहे ते कुठल्याही जुन्या टीव्ही मेकॅनिकला हातानं कळतं. ओरिजिनल कॅबिनेटचा मॉनिटर बिघडला तर पार्ट शोधत फिरावं लागतं.

गेमचं म्हणाल तर सगळ्यांना “मुस्तफा” पाहिजे असतो. कॅपकॉम कंपनीचा 1993 चा गेम आहे तो, खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण आपल्याकडं ते नाव कुणी घेतलं असेल तर शप्पथ. यात एक गोष्ट माहीत असू द्या. कॅपकॉमच्या त्या काळातल्या बऱ्याच ओरिजिनल बोर्डांवर एक लिथियम बॅटरी असते, ती चिपमधला कोड जिवंत ठेवते, बॅटरी संपली की बोर्ड शुद्ध हरपतो. आपल्याकडच्या पार्लरमध्ये मात्र बहुतेक डुप्लिकेट बोर्ड चालायचे आणि त्यात सहसा ही बॅटरीच नसते, म्हणून ते अजून चालायलेत. डुप्लिकेट म्हणून नाक मुरडू नका.

ज्यूकबॉक्सचं वेगळं आहे. मराठवाड्यात तो सहसा सापडत नाही, मुंबई, पुणे, हैदराबाद करावं लागतं. अमेरिकन माल असेल, म्हणजे सीबर्ग, वुरलिट्झर, रॉक-ओला, एएमआय, तर तो 115 व्होल्ट आणि 60 हर्ट्झसाठी बनलेला असू शकतो. व्होल्टेजचं ट्रान्सफॉर्मरनं भागतं, पण हर्ट्झचं भागत नाही. मोटर आपल्याकडच्या 50 हर्ट्झवर हळू फिरते आणि 45 ची, म्हणजे मिनिटाला 45 फेऱ्यांची, रेकॉर्ड साडेसदतीसनं वाजते. गाणारी बाई असेल तर बुवा गायल्यासारखं वाटतं. विकणारा म्हणतो “बेल्ट ढिला आहे.” बेल्ट-बिल्ट काही नाही, 50 हर्ट्झची पुली बसवावी लागते. युरोपातला, म्हणजे जर्मन एनएसएम वगैरे, किंवा एक्सपोर्ट मॉडेल असेल तर ही कटकट नसते. मागच्या पाटीवर व्होल्ट आणि हर्ट्झ दोन्ही छापलेलं असतं, फोनवर सौदा करताना आधी त्या पाटीचा फोटो मागा.

## 3. बघायला जाताना

पिशवीत टॉर्च, मीटर, लांब स्क्रूड्रायव्हर, दोन-तीन काचेचे फ्यूज आणि एक जुना टॉवेल. आणि वेळ, निदान तासभर. “उद्या दुसरं गिऱ्हाईक येणारय” असं प्रत्येक विकणारा म्हणतो, येऊ द्या.

तिथं पोचलात आणि मशीन आधीच चालू असेल तर बंद करायला सांगा. हा जुना डाव आहे. थकलेली ट्यूब गरम झाल्यावर बरी दिसते, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास चालू करून ठेवतात. पाठीमागं हात लावून बघा, गरम लागलं तर चहा पिऊन या.

मशीन थंड आणि प्लग काढलेला असताना मागचं दार उघडा आणि टॉर्चनं खालून वर बघत या. आत हात घालायचा नाही, फक्त नजर.

खालचे चारही कोपरे बाहेरून स्क्रूड्रायव्हरनं टोचा. आत सहज घुसला तर वाळवी नाहीतर कुजलेला प्लाय. वरून सनमायका चकाचक असतो आणि आतलं लाकूड पापडासारखं झालेलं असतं. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर नुसत्या झाडून भागत नाही, त्यांच्या मुतानं वायरी आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाल्लेल्या असतात, तिथं हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. मग फ्यूज बघा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर हे मशीन आतून काहीतरी मागत होतं आणि कुणीतरी त्याचं तोंड दाबलंय, एवढं समजून भाव करा. बोर्डावर गोल, बारीक डबीएवढी बॅटरी दिसली आणि तिच्या भोवती निळं-हिरवं सांडलेलं असलं तर ती गळलीय. निओ जिओ नावाच्या गेम मशीनच्या मदरबोर्डवर हे फार दिसतं, त्यावर 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते.

आता त्याला चालू करायला सांगा. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत ट्यूबच्या मानेत नारिंगी उजेड आला पाहिजे. चित्र यायला मिनिटभर लागत असेल, अंधुक असेल, एक रंग कमी असेल तर ट्यूब थकली. ट्यूब हा एकच पार्ट असा आहे की जो आता नवीन मिळत नाही, बाकी सगळं होतं. म्हणून चित्र बारीक असणं, हलणं, एका बाजूला वाकणं याला मी घाबरत नाही, ते कॅपॅसिटर बदलून जातं. पण चालू गेम बंद केल्यावरही काचेवर “इन्सर्ट कॉइन” कोरल्यासारखं दिसत असेल तर ते आयुष्यभर दिसणार.

अर्धा तास खेळा. पंधराव्या मिनिटाला चित्र फाटायला लागलं तर ते तुमच्या घरी पण फाटणार आहे.

भाव करताना: मशीनचा एक भाव करू नका. ट्यूब, बोर्ड, कॅबिनेट असे तीन तुकडे मनात धरा आणि जो मेलाय त्याचे पैसे देऊ नका. “चालू आहे फक्त चित्र येत नाही” असं सांगितलं तर तिन्ही मेलेत असं धरून भंगाराचा भाव सांगा.

## 4. आणताना

छोटा हत्ती पुरतो. मशीन उभंच आणा, आडवं करायची वेळच आली तर पाठीवर, तोंडावर कधीच नाही. बोर्ड काढून वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, स्टॅटिक करंटनं चिप जातात. कंट्रोल पॅनल सुटं होत असेल तर सोडवा. ट्यूबच्या मानेवरचा छोटा बोर्ड घट्ट बसलाय ना एवढं फक्त नजरेनं बघून घ्या. मान कडेला ठोकरली तर ट्यूबमधली पोकळी जाते आणि मग ती नुसती काच.

ज्यूकबॉक्स असेल तर निघायच्या आधी सगळ्या रेकॉर्ड बाहेर, सुईचा आर्म दोऱ्यानं हलकेच बांधा, आणि मेकॅनिझम ज्या स्प्रिंगांवर तरंगतं तिथले वाहतुकीचे बोल्ट आवळा. बोल्ट हरवलेले असतात बहुतेक वेळा, मग चारही कोपऱ्यांत जुनी उशी नाहीतर फोम कोंबा. बीड-संभाजीनगर रस्ता असो की गावाकडचा, खड्डे सगळे सारखेच मोजतात.

## 5. पहिले दोन दिवस प्लगला हात लावायचा नाही

खरं काम इथून सुरू होतं.

मशीन जागेवर ठेवा, मागचं दार उघडा आणि चोवीस तास तसंच राहू द्या. पावसाळ्यात आणलं असेल तर दोन दिवस. आत बसलेला दमटपणा निघू द्या.

मग सफाई. धूळ आधी कोरड्या, मऊ रंगाच्या ब्रशनं सोडवायची आणि व्हॅक्यूमनं ओढायची. ब्लोअर आत मारू नका, धूळ कनेक्टरमध्ये आणि स्विचमध्ये जाऊन बसते, आणि अंगणात काढून ब्लोअर मारायचा तर फक्त रिकाम्या लाकडी भागाला. ओलं फडकं फक्त बाहेरच्या सनमायकाला. ट्यूबच्या मागच्या भागाला आणि त्या लाल जाड वायरच्या रबरी टोपीला आत्ता हात लावायचा नाही, ते सातव्या पायरीत येतं.

वाळवीची शंका असेल तर खालच्या कोपऱ्यांना आतून वाळवीचं औषध ब्रशनं लावा, आणि मशीन जमिनीला टेकवून ठेवूच नका, खाली चार लोखंडी पाय नाहीतर रबरी बूट लावा. सिमेंटच्या फरशीवर टेकलेला प्लाय फरशी पुसताना दर वेळी पाणी पितो.

सगळे कनेक्टर सोडवायच्या आधी मोबाईलवर फोटो. चार बाजूंनी, जवळून. “लक्षात राहील” असं वाटतं, राहत नाही.

चेक: या पायरीच्या शेवटी बोर्ड बाहेर, मॉनिटरचा प्लग सुटा, आणि कॅबिनेटमध्ये फक्त सप्लाय आणि वायरिंग असलं पाहिजे.

## 6. आता सप्लाय, एकटा

मेकॅनिक लोक वापरतात तो सिरीज बोर्ड करून घ्या, म्हणजे फेजच्या वायरीत मधे 100 वॉटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी चालणार नाही, तारेचाच पाहिजे. मशीनमध्ये कुठं शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि सगळा करंट तोच खातो, मशीन वाचतं. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक.

काही स्विचिंग सप्लाय रिकामे असले तर खोटं व्होल्टेज दाखवतात. त्यांना थोडं वजन द्यावं लागतं. मी गाडीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॉटचा बल्ब 5 व्होल्टच्या दोन टोकांना लावतो. तो अंधुक लालसर पेटतो, साधारण एक अँपिअर ओढतो, तेवढं पुरतं.

आता मोजा. पाहिजे 5 व्होल्ट, 12 व्होल्ट, आणि काही जुन्या बोर्डांना आवाजासाठी उणे 5 व्होल्टही लागतात. कॉम्प्युटरचा नवा सप्लाय लावून मोकळे होतात लोक आणि मग “गेम चालतो पण आवाज नाही” म्हणून फोन करतात, कारण त्यात उणे 5 नसतंच.

पॉट फिरवून 5 व्होल्ट बरोबर आणा, आणि मग पॉटवर नेलपॉलिशचा एक ठिपका टाका म्हणजे ते परत हलणार नाही. माझ्या जालन्याच्या बोर्डाची किंमत त्या एका ठिपक्याएवढी होती.

## 7. मॉनिटर: इथं घाई केली तर माणूस जातो

हे मी घाबरवायला लिहीत नाही. ट्यूबच्या त्या रबरी टोपीखाली 20 ते 25 हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावर पण तिथं चार्ज राहतो. चासीवरच्या मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरमध्ये 230 च्या लाईनवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट बसलेले असतात आणि खरं धोकादायक काम तेच करतं. कुणाच्या हाताखाली एकदा बघितल्याशिवाय हे करू नका. गावात जुना टीव्ही मेकॅनिक शोधा, अजून आहेत, मोबाईल रिपेअरिंगच्या बोर्डामागं बसलेले असतात. माझे एक चाचा आहेत, शहागंजकडचे, सत्तरी उलटलेली, ते पहिल्याच दिवशी म्हणाले, “बेटा, एक हाथ जेब में.” म्हणजे काम एकाच हातानं, दुसरा हात खिशात, म्हणजे करंट छातीतून जात नाही.

डिस्चार्ज करायची रीत अशी. प्लग काढलेला. लांब, चांगल्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला वायर बांधायची, वायरचं दुसरं टोक क्रोकोडाईल क्लिपनं ट्यूबच्या पाठीवरच्या विणलेल्या उघड्या तारेला लावायचं, आधी ही क्लिप, मगच स्क्रूड्रायव्हर टोपीखाली, हा क्रम उलटा नाही. मग एका हातानं स्क्रूड्रायव्हर टोपीखाली सरकवायचा. टक् असा आवाज येईल किंवा नाही येणार. दहा मिनिटं थांबून परत एकदा करायचं, कारण काच थोडा चार्ज परत गोळा करते. ट्यूब झाली म्हणजे चासी झाली असं नाही, मोठ्या कॅपॅसिटरवर मीटर लावून व्होल्ट खरंच उतरलेत का ते वेगळं बघायचं.

त्यानंतर भिंगातून चासीची खालची बाजू बघा. एलओटीच्या, म्हणजे ट्यूबचं हाय व्होल्टेज बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, पायांभोवती आणि मानेवरच्या सॉकेटभोवती सोल्डरमध्ये बारीक गोल चीर दिसते, ड्राय सोल्डर. चित्र हापटल्यावर येतं-जातं ते यामुळंच, आणि आपली माणसं मशीनला थापा मारत बसतात. सोल्डर काढून नवीन भरा. मग कॅपॅसिटर. एकेक शोधत बसू नका, सगळे इलेक्ट्रोलायटिक एकदम बदला, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, 105 डिग्रीवाले. आपल्या उन्हाळ्यात 85 डिग्रीवाले लवकर वाळतात. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, हैदराबादला कोटीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळे मिळतात, यादी करून जा.

इशारा: बाहेरून आलेल्या कॅबिनेटमध्ये तळाशी एक जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर असतो. “कशाला हे वजन” म्हणून तो काढून मॉनिटर थेट लाईनला जोडलेला मी दोनदा बघितलाय. काही मॉनिटरची चासी सरळ मेनशी जोडलेली असते आणि तो ट्रान्सफॉर्मर तिला वेगळं ठेवायलाच दिलेला असतो. तो काढला की बोर्डाची ग्राउंड आणि घरची लाईन एक होते, पुढं काय होतं ते सांगायला नको.

पहिल्यांदा चालू करताना परत सिरीज बल्ब, 100 नाही, 200 वॉटचा. एलओटीवर दोन गोल बटणं असतात, फोकस आणि स्क्रीन. स्क्रीन जास्त फिरवलं तर चित्रावर तिरप्या पांढऱ्या रेषा येतात, ते ट्यूब खराब झाल्याचं लक्षण नाही, फक्त मागं फिरवा.

## 8. बोर्ड, आणि त्याची बाजू

1985 नंतरच्या बहुतेक बोर्डांना जामा कनेक्टर असतो, 56 पिना, एका बाजूला 28 आणि दुसऱ्या बाजूला 28. यात सगळ्यात जास्त बोर्ड कशानं मरतात सांगू? उलटा लावल्यानं. कनेक्टरच्या सातव्या पिनेला एक अडसर असायला पाहिजे जो बोर्डाच्या खाचेत बसतो, लोकल वायरिंगमध्ये तो कुणीतरी काढून टाकलेला असतो. म्हणून वरची बाजू लाल पेंटनं कनेक्टरवर पण रंगवा आणि बोर्डावर पण चिठ्ठी लावा.

लावायच्या आधी बोर्डाच्या पिना पांढऱ्या खोडरबरनं घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. काळपटपणा निघून पिवळं-चंदेरी दिसलं पाहिजे. सँडपेपर मारू नका, वरचा थर जातो. चिपांवर चिकटवलेली लेबलं काढू नका, त्याखाली छोटी काचेची खिडकी असते आणि उन्हानं हळूहळू आतला प्रोग्रॅम पुसला जातो.

मग रिकामा कनेक्टर मोजा. पिन 1, 2 आणि शेवटच्या 27, 28 ग्राउंड, 3 आणि 4 वर 5 व्होल्ट, 5 वर उणे 5, 6 वर 12. बरोबर असेल तर बंद करा, बोर्ड लावा, चालू करा, आणि आता बोर्डावर 5 व्होल्ट परत मोजा. सप्लायवर 5.05 दाखवत असलं आणि बोर्डापर्यंत 4.7 च पोचत असलं तर वायर बारीक आहे किंवा पिना मळलेल्या आहेत. लोक इथं सप्लायचं पॉट वाढवतात. तसं नका करू, वायर बदला. गेम मधेच रिसेट होणं, चित्रात चौकोन येणं, यातलं निम्मं या एका कारणानं असतं आणि बिचाऱ्या बोर्डाला दोष लागतो.

कंट्रोलचं फार सांगत नाही. मायक्रोस्विच टिक वाजला पाहिजे, नाही वाजला तर बदला, स्वस्त असतो, ऑईल घालून जिवंत होत नाही. नाण्याची खाच बंद करू नका. पिन 16 वर कॉइनचा स्विच असतो, तिथं आत लपवून एक बटण लावा आणि खाच पण चालू ठेवा. माझ्याकडं पोरं आली की डब्यातून एक रुपयाची नाणी देतो, फुकट मिळालेला गेम कुणी नीट खेळत नाही.

## 9. ज्यूकबॉक्स: आधी मोटर, मग आवाज

इथं पण तोच क्रम, फक्त दोन गोष्टी उलटसुलट होतात. लोक आधी आवाज येतो का बघतात. ॲम्प्लिफायर बाहेर काढून ठेवा, तो सगळ्यात शेवटी.

तीस-चाळीस वर्षं उभ्या असलेल्या मशीनमध्ये ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. तशीच मोटर चालू केली तर मोटर ओढते, मेकॅनिझम हलत नाही, आणि एक तर दात तुटतो नाहीतर वाइंडिंग जळतं. आधी हातानं फिरवून बघा. अडकत असेल तर टर्पेंटाईन आणि जुन्या टूथब्रशनं सगळं जुनं ग्रीस उतरवा, हे एका रविवारचं काम नाही, दोन धरा. नवीन लिथियम ग्रीस अगदी नखाएवढं, फिरत्या दांड्यांना मशीन ऑईलचा एक थेंब. रबराच्या चाकाला आणि बेल्टला तेल लागू द्यायचं नाही. गंज काढायचा स्प्रे मारून मोकळं होतात काही जण, तो ग्रीस नाही, महिन्यात परत जाम होतं.

स्पीड मोजायची सोपी रीत: रेकॉर्डच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवा, मोबाईलवर एक मिनिट लावा, चिठ्ठी किती वेळा आली मोजा. 45 पाहिजे. सदतीस-अडतीस आली तर वर सांगितलेलं 60 हर्ट्झचं दुखणं.

इशारा: जुन्या मशीनमध्ये पत्र्यांच्या चौकोनी पंख्यांची थप्पी दिसली तर ते सेलेनियम रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा जुना पार्ट. ते जळालं की कुजका, घाण वास येतो आणि तो धूर विषारी असतो, लगेच प्लग काढून खिडक्या उघडा. जागी सिलिकॉन डायोड बसतो, पण नुसता नाही, त्यानं व्होल्टेज वाढतं म्हणून सिरीजमध्ये रेझिस्टर द्यावा लागतो. वॉल्व्हचा ॲम्प्लिफायर असेल तर त्यातले मेणकागदाचे कॅपॅसिटर न बदलता चालू करायचाच नाही, आणि तिथं पण तीनशेच्या वर व्होल्ट असतात, तेव्हा सातवी पायरी परत वाचा.

रेकॉर्ड घेताना मधलं भोक बघा. 45 च्या ज्यूकबॉक्सला 38 मिलिमीटरचं मोठं भोक लागतं, घरच्या प्लेअरची बारीक भोकाची रेकॉर्ड त्यात बसत नाही. धुवायला साधं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, लेबल कोरडं ठेवून. आणि 78 च्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोल लावायचं नाही, लाख विरघळते. एकानं माझ्यासमोर आजोबांची तबकडी सॅनिटायझरनं पुसली, फडकं काळं झालं तेव्हा थांबला.

## 10. वर्षभर

आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी चालवा, विशेषतः पावसाळ्यात. वर्षभर बंद ठेवलेलं मशीन रोज चालणाऱ्यापेक्षा लवकर मरतं. मेमध्ये दुपारी बारा ते पाच बंद, रात्री खेळा. मागं 12 व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा हवा बाहेर फेकेल असा लावा. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ज्यूकबॉक्स चालवू नका, मोटर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही घुं घुं करून तापतात, लाईट गेली तर गप बसा. जूनच्या आधी मागच्या दाराच्या फटीला बारीक जाळी, नाहीतर पहिल्या पावसाबरोबर उंदीर आत येतात. बॅटरी असलेल्या बोर्डाची बॅटरी गळायची वाट बघू नका, पण कॅपकॉमचा ओरिजिनल असेल तर बॅटरी काढताना कोड जाऊ नये म्हणून जाणकाराकडूनच बदला.

आणि दर सहा महिन्यांनी बोर्डावर 5 व्होल्ट मोजून आकडा आणि तारीख मागच्या दाराच्या आत पेन्सिलनं लिहीत जा. माझ्या दुसऱ्या मशीनच्या दारावर खाली खाली ओळ गेलीय, 5.04, 5.03, 5.04, 5.02, आणि मग एकदम 4.81. त्याच संध्याकाळी सप्लाय बदलला, बोर्ड अजून चालायलाय.